शतावरीच्या आधी सुईण

‘डॉक्टरीणबाई, सुनेला दूध पुरत नाही, काहीतरी द्या’, ही तक्रार ज्यांच्या कानी आली नाही असे वैद्य आपल्या संघटनेत क्वचितच असतील. आपण तत्काळ शतावरी कल्प लिहितो, अळिवाचे लाडू सुचवितो आणि पुढील रुग्णाकडे वळतो. बाळ स्तनास कसे लागते, हे पाहण्याची तसदी मात्र घेत नाही. प्रस्तुत लेखिकाही वर्षानुवर्षे असेच करीत आली. एकदा अशाच एका सूतिकेच्या घरी जाण्याचा प्रसंग आला. मालिशीसाठी आलेली वृद्ध सुईण म्हणाली, “दूध हाय, बाई. पोराला धरायलाच कुणी शिकवलं न्हाई.” तिने आईच्या पाठीशी उशी दिली, बाळाचे पोट आईच्या पोटास टेकविले आणि त्याने तोंड मोठे उघडताच त्यास जवळ घेतले. स्तनाग्राबरोबर भोवतालचा काळा भागही तोंडात गेला आणि थोड्याच वेळात गिळण्याचा आवाज ऐकू येऊ लागला. माझे निदान ‘स्तन्यक्षय’ असे होते!

अपत्याचा स्पर्श, दर्शन व स्मरण यांनी स्तन्य प्रवृत्त होते, असे सुश्रुताचार्य निदानस्थानात सांगतात. शारीरस्थानात क्रोध, शोक व अवात्सल्य यांना ते स्तन्यनाशाची कारणे मानतात. यांवर केवळ चूर्ण पुरेसे नाही. भेदरलेल्या पहिलटकरणीजवळ धीराने बसणारे कोणीतरी हवे. पूर्वी ते काम सुईण करीत असे. आज प्रसूती रुग्णालयात होते, हे इष्टच आहे. परंतु २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात संस्थांमधील प्रसूतींचे प्रमाण ८८.६ टक्के असूनही जन्मानंतर पहिल्या तासात स्तनपान मिळालेली बालके केवळ ४१.८ टक्के आढळली. खाट मिळाली, जवळ बसणारे माणूस मिळाले नाही, असाच याचा अर्थ मी घेते.

सुईणीचे सारेच योग्य, असे मात्र नाही. चीक पिळून टाकणे, बाळास गूळपाणी वा मध चाटविणे या प्रथा तिच्याच हातून चालत आल्या. गाईच्या चिकाचा खरवस आवडीने खाणाऱ्या घरात आईचा चीक फेकला जावा, हे नवलच! परंतु दोष तिचा एकटीचा कसा? स्तन्य तीन-चार दिवसांनी प्रवृत्त होते म्हणून तोवर मध-तूप द्यावे, असे सुश्रुतसंहितेत आहे. चरकाचार्य मात्र मध-तुपाच्या प्राशनानंतर लगेच उजवा स्तन देण्यास सांगतात. स्तनपानाविषयी चरकमत ग्राह्य मानावे आणि मध पहिले वर्षभर पूर्णतः वर्ज्य करावा, कारण त्यातील बोटुलिझमचे बीजाणू तान्ह्या बाळास घातक ठरू शकतात. सुवर्णप्राशनाच्या अभिमान्यांना हे रुचणार नाही, याची मला कल्पना आहे.

केंद्र शासनाने २०१८ मध्ये प्रसाविका सेवेची मार्गदर्शक तत्त्वे काढून परिचारिकांसाठी अठरा महिन्यांचे प्रशिक्षण योजिले. गावची सुईण त्यात बसत नाही. तिला सामावून घेण्याचे काम आपल्या शाखा करू शकतात. मासिक सभेत एकदा तिला आणि रुग्णालयातील परिचारिकेला एकत्र बोलवावे. तिच्याकडून आपण बाळ स्तनास लावणे शिकावे, तिला चिकाचे महत्त्व आणि मधाचा धोका समजावून द्यावा. ज्या पुरुष वैद्यांना स्तनपान प्रत्यक्ष पाहण्यास संकोच वाटतो, त्यांना तर तिच्यावाचून गत्यंतर नाही.

मी आता शतावरी लिहिण्यापूर्वी एक स्तनपान आरंभापासून अखेरपर्यंत पाहते, बाळ दिवसरात्रीत किती वेळा लघवी करते हे विचारते आणि वजन करते. बहुतेक वेळा कागद कोराच राहतो.