संथ प्रवासाचे अर्थशास्त्र

२०१९ च्या फेब्रुवारीत नवी दिल्ली ते वाराणसी या मार्गावर पहिली ‘वंदे भारत’ गाडी सुरू झाली. तेव्हापासून रेल्वेच्या प्रगतीची चर्चा बव्हंशी वेगाभोवतीच फिरत राहिली आहे. कोणत्या दोन शहरांमधील प्रवास किती तासांनी कमी झाला, हीच आता बातमी असते. या वेगाला विरोध करण्याचे कारण नाही. परीक्षेला निघालेल्या उमेदवाराला, शस्त्रक्रियेसाठी मोठ्या शहरात जाणाऱ्या रुग्णाला किंवा चार दिवसांच्या रजेत गावी जाऊन येणाऱ्या कामगाराला वाचलेला प्रत्येक तास मोलाचा असतो. प्रश्न वेगळाच आहे. प्रवासात गेलेला वेळ म्हणजे निव्वळ नुकसान, असे गृहीत धरून आखलेल्या धोरणात या अफाट देशाची ओळख करून देणाऱ्या संथ प्रवासाला जागा उरते काय? गेल्या काही वर्षांचा अनुभव पाहता ही जागा आक्रसत चालली आहे आणि त्या हानीची नोंद कोणत्याही ताळेबंदात होत नाही.

तीनशे किलोमीटरांचा धडा

संथ प्रवासाने नेमके काय मिळते, हे पाहण्यासाठी हिमालयापर्यंत जाण्याची आवश्यकता नाही. सोलापूरहून रायचूरकडे जाणारा लोहमार्ग त्यासाठी पुरेसा आहे. सोलापुरातच मराठी, कन्नड, तेलुगू आणि उर्दू या चारही भाषा नित्य कानावर पडतात. तेथील वस्त्रोद्योगाच्या उभारणीत तेलुगूभाषक पद्मशाली विणकरांचा वाटा मोठा आहे. पुढची अक्कलकोट रोड आणि दुधनी ही स्थानके महाराष्ट्रातली, तर त्यानंतरचे गाणगापूर रोड कर्नाटकातले. परंतु राज्य बदलले म्हणून भाषा तेथे एकाएकी बदलत नाही. अक्कलकोट तालुक्यात कितीतरी घरांतून कन्नड बोलली जाते आणि गाणगापूरच्या दत्तस्थानी मराठी भाविकांची रीघ असते. कलबुर्गीनंतर शहाबाद लागते. महाराष्ट्रातील असंख्य घरांच्या ओट्यांवर आणि पडव्यांत जी फरशी दिसते, तिला नाव मिळाले ते या गावावरून. वाडी जंक्शन मागे पडते, कृष्णा ओलांडून रायचूर येते आणि पुढे तुंगभद्रा ओलांडली की आंध्र प्रदेशातील मंत्रालयम रोड. ज्वारीची भाकरी या सगळ्या वाटेवर सोबत करते. तिचे नाव तेवढे ‘जोळद रोट्टी’ आणि मग ‘जोन्न रोट्टे’ होते.

नकाशावर राज्याची हद्द ही एक रेषा असते. संथ गाडीतून पाहताना ती मैलोगणती पसरलेला पट्टा बनते. ज्या विठ्ठलाचा मुद्रेत उच्चार करून कर्नाटकातील हरिदासांनी पदे रचली, तो पंढरपूरचाच आहे, हे पाठ्यपुस्तकातील वाक्य या पट्ट्यातून प्रवास करणाऱ्याला वेगळे समजावून सांगावे लागत नाही. वेगवान गाडी हाच टप्पा रात्रीच्या काळोखात काही तासांत पार करते. प्रवासी पोहोचतो, त्याला दिसत मात्र काहीच नाही. २०११ च्या जनगणनेनुसार दहा हजार किंवा त्याहून अधिक भाषक असलेल्या भाषांची संख्या या देशात १२१ भरते. अशा देशात शेजारच्या प्रांताची ओळख केवळ सीमातंट्याच्या वा पाणीतंट्याच्या बातम्यांवरून होणे ही चैनीची उणीव नव्हे; ती नागरिकत्वाच्या शिक्षणातील उणीव आहे.

गोखल्यांचा सल्ला

हे शिक्षण आवश्यक आहे, याची जाण पूर्वीच्या नेतृत्वाला होती. १९१५ मध्ये दक्षिण आफ्रिकेतून परतलेल्या गांधीजींना नामदार गोखले यांनी वर्षभर देश पाहावा आणि तोवर सार्वजनिक प्रश्नांवर मत देऊ नये, असा सल्ला दिला. गांधीजींनी तो पाळला आणि प्रवासासाठी तिसरा वर्ग निवडला. त्या वर्गातील अस्वच्छता, गर्दी आणि प्रवाशांची होणारी मानहानी यांवर १९१७ मध्ये त्यांनी लिहिलेही. यातील दोन्ही गोष्टी महत्त्वाच्या आहेत. सामान्यांच्या डब्यातूनच देश दिसतो, ही एक. आणि तो डबा माणसाने बसण्याजोगा असला पाहिजे, ही दुसरी. साने गुरुजींनी पाहिलेले आंतरभारतीचे स्वप्नही प्रांताप्रांतांतील अशाच परस्परओळखीवर उभे होते.

स्वातंत्र्यानंतर या दुसऱ्या गोष्टीकडे उशिरा का होईना, लक्ष गेले. १९७४ मध्ये तिसरा वर्ग रद्द झाला. १९७७ ते १९७९ या काळात प्रा. मधु दंडवते रेल्वेमंत्री असताना दुसऱ्या वर्गाच्या शयनयानातील लाकडी फळ्यांवर गाद्या आल्या आणि मुंबई-हावडा मार्गावर वर्गविरहित ‘गीतांजली एक्स्प्रेस’ सुरू झाली. लांबचा प्रवास सामान्य माणसालाही सन्मानाने करता यावा, ही त्यामागील भूमिका होती. आज तीच मागे पडताना दिसते.

दोन टोके

२०२० मध्ये करोनाच्या साथीत प्रवासी गाड्या थांबल्या. त्या पुन्हा सुरू झाल्या तेव्हा त्यांचे रूप पालटलेले होते. लांब पल्ल्याच्या अनेक पॅसेंजर गाड्यांना एक्स्प्रेसचा दर्जा देण्यात आला, लहान स्थानकांवरील कित्येक थांबे गेले आणि किमान भाडे १० रुपयांवरून ३० रुपयांवर पोहोचले. हे भाडे पूर्ववत होण्यास २०२४ चा फेब्रुवारी उजाडला. ज्येष्ठ नागरिकांची सवलत मार्च २०२० मध्ये बंद झाली, ती त्यानंतरच्या पाच वर्षांत परत आली नाही. निवृत्त शिक्षक वा कारकून यांच्यापाशी आयुष्यात प्रथमच भरपूर वेळ असतो. नेमका तोच ग्राहक या निर्णयाने मागे रेटला गेला. २०१८-१९ मध्ये रेल्वेने सुमारे ८४४ कोटी प्रवाशांची वाहतूक केली होती. २०२३-२४ मध्ये हा आकडा ६९० कोटींच्या आसपास राहिला. या घटीची कारणे अनेक असतील, परंतु रेल्वे सर्वांना पूर्वीइतकी सुलभ राहिली आहे, असे हा आकडा सांगत नाही.

परिणामी संथ प्रवास दोन टोकांना ढकलला गेला आहे. एका टोकाला २०१० पासून धावणाऱ्या ‘महाराजा एक्स्प्रेस’सारख्या गाड्या आहेत, तेथे सावकाश देश पाहणे हाच विकाऊ माल आहे आणि त्याचा दर मध्यमवर्गाच्या कल्पनेपलीकडचा आहे. दुसऱ्या टोकाला अनारक्षित डबा आहे. २०१६-१७ च्या केंद्रीय आर्थिक पाहणीने अनारक्षित तिकिटांच्या आकडेवारीवरून राज्याराज्यांतील वार्षिक स्थलांतर ९० लाखांच्या घरात असल्याचा अंदाज बांधला होता. दरवाज्यात उभा राहून दोन रात्री काढणाऱ्या मजुराचा प्रवासही संथच असतो, परंतु त्याला देशदर्शन म्हणणे ही क्रूर थट्टा होईल. २०२३ च्या अखेरीस सुरू झालेली बिगरवातानुकूलित ‘अमृत भारत’ गाडी आणि दहा हजार बिगरवातानुकूलित डबे बांधण्याची २०२४ मधील घोषणा ही पावले स्वागतार्ह आहेत. मात्र या दोन टोकांमधील माणूस, म्हणजे ज्याला परवडेल अशा दरात, बसायला जागा मिळवून, वाटेत उतरत देश पाहायचा आहे, तो धोरणाच्या नजरेत अद्याप आलेला नाही.

खर्च कोणी सोसावा?

यावर रेल्वेचे उत्तर ठाऊक आहे. प्रवासी वाहतुकीवरील दर १०० रुपयांच्या खर्चापैकी केवळ ५४ रुपये तिकिटातून वसूल होतात, असे रेल्वेमंत्र्यांनीच सांगितले आहे. शिवाय थांबत जाणारी गाडी मार्ग अडवून धरते आणि मागून येणाऱ्या गाड्यांचा खोळंबा होतो. हे आक्षेप खोटे नाहीत. परंतु ज्या सेवेचा लाभ घेणाऱ्यापुरताच मर्यादित राहत नाही, ती सेवा केवळ तिच्या वसुलीवरून जोखू नये, हे अर्थशास्त्राचे जुने तत्त्व आहे. ग्रंथालये आणि शाळा याच तत्त्वावर चालतात. शेजारच्या राज्यातील माणसाविषयी आपुलकी बाळगणारा नागरिक हा लाभ तिकिटाच्या खिडकीवर मोजता येत नाही, म्हणून तो शून्य ठरत नाही. मार्गाच्या क्षमतेचे म्हणाल, तर मालवाहतुकीच्या पूर्व समर्पित मार्गिकेचे काम २०२३ मध्ये पूर्ण झाले आणि पश्चिम मार्गिकेचाही बहुतेक भाग वापरात आला आहे. मालगाड्या तिकडे वळल्याने जुन्या मार्गांवर जी क्षमता मोकळी होते, ती सर्वच्या सर्व अतिवेगवान गाड्यांना द्यायची की तिचा काही हिस्सा थांबत जाणाऱ्या गाड्यांसाठी राखायचा, हा निर्णय तांत्रिक नसून सामाजिक आहे.

दुसरीकडे, ज्या सोयी आजही नियमांत आहेत, त्यांची माहितीच लोकांना नाही. रेल्वेच्या वर्तुळाकार प्रवासाच्या तिकिटावर एकाच ठिकाणाहून निघून तेथेच परतताना वाटेत आठ ठिकाणी मुक्काम करता येतो आणि अंतर वाढेल तसा दर किलोमीटरचा भार कमी होत जातो. साध्या तिकिटावरही पाचशे किलोमीटरांनंतर वाटेत उतरून दोन दिवस राहण्याची मुभा आहे. राजधानी-शताब्दीसारख्या गाड्या तेवढ्या त्यास अपवाद आहेत. महाराष्ट्राच्या एस.टी.ने १९८८ पासून ‘आवडेल तेथे प्रवास’ ही चार आणि सात दिवसांच्या पासची योजना चालविली आहे. केंद्र सरकारी कर्मचाऱ्याला चार वर्षांतून एकदा भारतात कोठेही जाण्यासाठी रजा प्रवास सवलत मिळते. या साऱ्यांची सांगड घातली, तर फारसा नवा खर्च न करताही बरेच साधता येईल. वर्तुळाकार तिकीट घरबसल्या काढता यावे. महाविद्यालयीन विद्यार्थी आणि शिक्षक यांना गर्दी नसलेल्या महिन्यांत त्यावर खास सूट मिळावी. रजा प्रवास सवलत घेणाऱ्यास वाटेतील मुक्कामांसाठी चार दिवस अधिक रजा मिळावी. आणि ज्येष्ठांची सवलत निदान बिगरवातानुकूलित वर्गांत तरी तातडीने पूर्ववत व्हावी.

अर्थात, केवळ तिकीट स्वस्त करून भागणार नाही. संथ प्रवासासाठी लागणारी खरी दुर्मिळ वस्तू म्हणजे फुरसत, आणि ती समाजात पैशाइतक्याच विषमतेने वाटली गेली आहे. उन्हाळ्याच्या सुटीचे जे काही दिवस शिक्षक-विद्यार्थ्यांच्या हाती उरले आहेत, तेही शिबिरे आणि शिकवण्या यांच्या ताब्यात जात आहेत. देश पाहण्यासाठी दिलेला वेळ हा वाया गेलेला वेळ नव्हे, असे आधी घराने आणि संस्थेने मानले, तरच रेल्वेकडून त्याची मागणी करण्याला बळ येईल. वेगवान गाड्यांच्या पुढील वेळापत्रकाबरोबर थांबत जाणाऱ्या किती गाड्या वाढल्या आणि किती घटल्या, याचाही आकडा संसदेत मांडला जावा. तो मागणे हे या मागणीचे पहिले पाऊल ठरेल.