धन्याविना चाललेला कारभार

मुकुटबनच्या बाजारात चार माणसे जमली की सरकारचा विषय निघतो, आणि तो निघाला की कोणीतरी हमखास म्हणतो, "आपल्या मताने काय होते? राज्य चालवणारे निराळेच असतात." हे निराळे कोण, असे विचारावे तर एक म्हणतो मंत्रालयातले सचिव, दुसरा म्हणतो ठेकेदार, तिसरा सिमेंटच्या कारखान्याकडे बोट दाखवतो. आमच्या शेतकरी व कारागीर बंधूंचा हा संशय आम्ही अडाणीपणाचा समजत नाही. पण संशय जागच्या जागी बसला पाहिजे. न निवडलेला कारभारी हुडकण्यास मुंबईपर्यंत जाण्याचे कारण नव्हते. तो आमच्या यवतमाळात, भरदिवसा, रीतसर सरकारी हुकुमाने खुर्चीवर बसला होता.

यवतमाळ जिल्हा परिषदेची निवडणूक फेब्रुवारी २०१७ मध्ये झाली. तिची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली. नवी निवडणूक झाली नाही. परिषदेचे मुख्य कार्यकारी अधिकारी हेच तिचे प्रशासक झाले, आणि खाली पंचायत समित्यांवर गटविकास अधिकारी. राज्यातल्या बहुतेक जिल्ह्यांत हेच घडले. वास्तविक घटनेच्या ७३ व्या दुरुस्तीने, जी २४ एप्रिल १९९३ पासून अमलात आहे, पंचायतीची मुदत पाच वर्षे आणि त्याहून अधिक नाही असे बजावले आहे, व मुदत संपण्यापूर्वीच नवी निवडणूक उरकली पाहिजे असेही सांगितले आहे. कायदा एवढा स्पष्ट असता वर्षांमागून वर्षे गेली.

यात बिघडले काय, असे कोणी विचारील. अधिकारी शिकलेले असतात, परीक्षा देऊन आलेले असतात. कबूल. पण जिल्हा परिषदेची मूळ मांडणी पाहा. १९६० साली सरकारने एक समिती नेमली. तिचे अध्यक्ष आमच्याच जिल्ह्यातील पुसदकडचे वसंतराव नाईक. त्या समितीच्या शिफारशींवरून १९६१ चा कायदा झाला आणि १ मे १९६२ रोजी जिल्हा परिषदा सुरू झाल्या. त्या कायद्यात मुख्य कार्यकारी अधिकारी हा परिषदेचे निर्णय अमलात आणणारा अधिकारी आहे. त्याने प्रस्ताव आणावा, सभासदांनी त्याला प्रश्न विचारावेत, पटले तर मंजुरी द्यावी. प्रशासकाच्या राज्यात प्रस्ताव आणणाराही तोच आणि मंजुरी देणाराही तोच. स्थायी समिती नाही, कृषी समिती नाही, शिक्षण समिती नाही. आमच्या वऱ्हाडात सालदार ठेवणाऱ्याला हे फोडून सांगायला नको. सालदार कितीही इमानी असो, पाडव्याला हिशेब धन्यापुढेच मांडावा लागतो. धनी चार पाडवे घरीच नसेल आणि पेरणारा, विकणारा, चोपडी लिहिणारा व ती तपासणारा एकच असेल, तर गावात कुजबुज होणारच. त्या कुजबुजीचा दोष आम्ही गावाला देणार नाही.

आता सर्वात बोचणारी गोष्ट. ही निवडणूक कोणाच्या नावाने अडली? माळी, तेली, कुणबी, सुतार, लोहार, कुंभार यांच्या! मार्च २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की स्थानिक संस्थांत इतर मागासवर्गाला जागा द्यायच्या तर आयोग नेमून माहिती गोळा करा, आणि सर्व राखीव जागा मिळून निम्म्यावर जाऊ देऊ नका. सरकारजवळ माहिती तयार नव्हती. मग अध्यादेश, बांठिया आयोग, प्रभागांची फेररचना आणि तारखांवर तारखा. ६ मे २०२५ रोजी न्यायालयाने निवडणुका घ्याच असा हुकूम दिला. मुंबई महापालिकाही मार्च २०२२ पासून प्रशासकाच्या हाती होती. तिचे मतदान जानेवारी २०२६ मध्ये झाले. फेब्रुवारी २०२६ मध्ये बारा जिल्हा परिषदांचे मतदान झाले. त्या बारांत विदर्भातला एकही जिल्हा नव्हता. ज्या जिल्ह्यांत गोंड, कोलाम यांचा लोकसंख्येप्रमाणे वाटा आणि इतर मागासांचे २७ टक्के मिळून बेरीज पन्नासावर जाते, तेथे घोडे अडले. म्हणजे आमच्या हक्काच्या रक्षणासाठी आमचे मतच थांबवले गेले, आणि वर कोलाम व कुणब्याने एकमेकांकडे संशयाने पाहावे अशी सोय झाली. भांडण या दोघांचे नाहीच. माहिती वेळेवर गोळा न करण्याचे पाप कोणत्या झोपडीतून झाले?

जोतीराव फुल्यांनी १८८३ साली 'शेतकऱ्याचा असूड' लिहिला, तेव्हा गोरे अंमलदार ऐषारामात आणि कारभार कचेरीतल्या भट कारकुनांच्या हाती, हे दुखणे त्यांनी उघडे केले होते. आज कचेरीत सर्व जातींची मुले आहेत, आणि त्यात आम्हांस आनंदच आहे. परंतु आपल्या जातीचा साहेब खुर्चीवर बसला म्हणजे आपण बसलो, ही समजूत खोटी आहे. साहेबाची बदली होते. जाताना तो मुकुटबनला हिशेब देत नाही. निवडलेले सभासदही काही संत नव्हते. त्यांच्यातही ठेकेदारांचे सोयरे होते. पण त्यांना पाच वर्षांनी आपल्या दारात यावे लागे, व तेव्हा त्यांना उभे ठेवता येत असे.

जिल्ह्याचे ठिकाण गाठायचे तर आमच्या माणसाचा सगळा दिवस मोडतो, मजुरी बुडते ती वेगळी. म्हणून घरबसल्या होण्यासारखे सांगतो. २००५ च्या माहिती अधिकार कायद्याखाली दहा रुपयांचा अर्ज चालतो; दारिद्र्यरेषेखालच्या माणसास तोही खर्च नाही. उत्तर तीस दिवसांत दिले पाहिजे. झरी-जामणी पंचायत समितीच्या माहिती अधिकाऱ्याकडे गावागावांतून एकच मागणी जाऊ द्या: मार्च २०२२ नंतर प्रशासक म्हणून जेवढे ठराव सहीने मंजूर झाले, त्यांच्या प्रती तारीख, काम व रकमेसह द्याव्यात. आलेले कागद ग्रामसभेत मोठ्याने वाचावेत, आणि ज्यांना अक्षर येत नाही त्यांना पुढे बसवावे.