गणवेशानंतरची सेवा : गोपाळबाबा वलंगकरांचे स्मरण

सैनिकाचे स्मरण करावयाचे म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर रणांगण उभे राहते. दर वर्षी १ जानेवारीस भीमा-कोरेगावच्या विजयस्तंभापुढे लाखो माणसे नतमस्तक होतात, आणि ते योग्यच आहे. परंतु जो सैनिक रणांगणावरून परतला, ज्याने गणवेश घडी करून ठेवला आणि उरलेले आयुष्य एखाद्या लहानशा गावाच्या सार्वजनिक कामात वेचले, त्याला आपल्या स्मरणात फारच थोडी जागा मिळते. ही उणीव भरून काढणे हे शाळेचे काम आहे, असे आम्हांस वाटते. म्हणूनच या स्मरणिकेच्या निमित्ताने हवालदार गोपाळबाबा वलंगकर यांचे स्मरण आम्ही करीत आहोत.

गोपाळबाबा मूळचे महाडजवळील रावढळचे. १८८६ साली ते लष्करातून निवृत्त झाले व दापोलीस स्थायिक झाले. महात्मा जोतीराव फुले यांच्या विचारांचा त्यांच्यावर खोल प्रभाव होता. १८८८ साली त्यांनी ‘विटाळ विध्वंसक’ या लेखनातून अस्पृश्यतेच्या समर्थकांना थेट प्रश्न विचारले. १८९० च्या सुमारास ‘अनार्य दोष परिहारक मंडळी’ स्थापन करून समाजाची गाऱ्हाणी लेखी मांडण्यास आरंभ केला. १८९२ च्या सुमारास महारांची लष्करभरती बंद झाली, तेव्हा १८९४ साली त्यांनी त्याविरुद्ध अर्ज तयार केला. १८९५ साली महाड तालुका लोकल बोर्डावर त्यांची नेमणूक झाली, तेव्हा बोर्डाच्या उच्चवर्णीय सभासदांना ती रुचली नाही आणि वृत्तपत्रांतून मोठा वाद झाला. १९०० साली त्यांचे निधन झाले. बाबासाहेब त्या वेळी नऊ वर्षांचे होते.

या जीवनक्रमात तलवार कोठेही दिसत नाही. दिसतो तो कागद : प्रश्न, अर्ज, सभा, बोर्डाची बैठक. आमच्या मते हेच त्यांच्या सैनिकपणाचे खरे फलित होय. कंपनी सरकारच्या फौजेत शिपायांना व त्यांच्या मुलामुलींना सक्तीचे शिक्षण मिळे. सुभेदार रामजी सकपाळ हे अशाच लष्करी शाळेचे मुख्याध्यापक होते, आणि निवृत्तीनंतर तेही काही काळ दापोलीस राहिले. शिक्षणाबरोबर आणखी एक गोष्ट या माणसांना लाभली, ती म्हणजे निवृत्तिवेतन. गावकीची कामे करून बलुत्यावर जगणारा मनुष्य पाटलापुढे मान वर करू शकत नव्हता, कारण त्याची भाकरी गावाच्या हाती होती. पेन्शनराची भाकरी सरकारी तिजोरीतून येई. अर्ज लिहिण्याचे बळ केवळ अक्षरज्ञानातून येत नाही. त्यासाठी चूल कोणाच्या मेहरबानीवर पेटत नाही, याची खात्री लागते. १९२७ च्या महाड परिषदेच्या अध्यक्षीय भाषणात बाबासाहेबांनी लष्करी नोकरीने घडविलेला बदल आणि भरतीबंदीने झालेली हानी यांचा आवर्जून उल्लेख केला, तो याच कारणाने. चवदार तळ्याच्या वाटेवर आधीच्या पिढीतील अशा पेन्शनरांची पावले उमटलेली होती.

येथे दोन आक्षेप घेतले जातात. पहिला असा की, ही माणसे परकीय सत्तेचे चाकर होती. आमचे उत्तर सरळ आहे. ज्या समाजाला स्वकीयांच्या विहिरीवर पाणी मिळत नव्हते, त्याला परकीयाच्या पलटणीत अक्षर मिळाले, याचा दोष त्या समाजाकडे जात नाही. दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. १८९४ च्या अर्जात आपण मूळचे क्षत्रिय असल्याचा दावा होता, आणि तो आज आपल्याला मान्य होण्यासारखा नाही. वंशावरून अस्पृश्यतेची उपपत्ती लावण्याचा विचार बाबासाहेबांनी १९४८ च्या आपल्या ग्रंथात नाकारला आहे. परंतु पूर्वजांचे स्मरण म्हणजे त्यांच्या प्रत्येक मताला संमती नव्हे. तथागतांच्या शिकवणीतही परंपरा म्हणून काही स्वीकारण्यास जागा नाही. गोपाळबाबांचा तो दावा सोडून द्यावा व त्यांची चिकाटी घ्यावी, हेच इतिहासाच्या विद्यार्थ्यास शोभते.

आता आजच्याकडे वळू. आपल्या निवासी शाळांतून स्काऊट पथके आहेत. या चळवळीचा जनकही सैनिकच होता. बेडन-पॉवेल यांनी १९०७ साली ब्राऊनसी बेटावर २० मुलांचे पहिले शिबिर भरविले. १९०९ साली भारतात ही चळवळ आली, तेव्हा तिची दारे फक्त युरोपियन व अँग्लो-इंडियन मुलांसाठी उघडी होती. भारतीय मुलांना स्वतंत्र पथके उभारावी लागली, आणि ७ नोव्हेंबर १९५० रोजी ‘भारत स्काऊट्स आणि गाईड्स’ ही एकत्रित संघटना आकारास आली. ज्या स्कार्फवर एके काळी भारतीय मुलाचा हक्क नव्हता, तो आज आपल्या मुलांच्या गळ्यात आहे. पण २६ जानेवारीच्या संचलनापुरताच तो बाहेर निघत असेल, तर त्याचा अर्थ काय? सेवेविना शिस्त म्हणजे नुसता कवायतीचा आवाज होय.

हा प्रश्न आणखी एका कारणाने निकडीचा झाला आहे. आपल्या शाळांतील अनेक मुलांचे स्वप्न लष्करभरतीचे असते. २०२२ पासूनच्या अग्निपथ योजनेत सेवेची मुदत चार वर्षांची आहे. जास्तीत जास्त २५ टक्के तरुण पुढे कायम होतात, उरलेले एकरकमी निधी घेऊन परततात, निवृत्तिवेतन त्यांना नाही. गोपाळबाबांना जो आधार होता, तो या तरुणांना नसेल. ऐन पंचविशीच्या आतबाहेर ते तालुक्याच्या गावी परत येतील. तेव्हा त्यांची शिस्त कोणाच्या कामी येईल? कोणाच्या मिरवणुकीचा बंदोबस्त राखण्याच्या, की ग्रामसभेत उभे राहून हिशेब मागण्याच्या? याचे उत्तर भरतीच्या मैदानावर ठरत नाही. ते त्याआधी शाळेतच ठरते.

म्हणून आमचे म्हणणे इतकेच आहे. स्काऊट पथकाच्या वर्षभराच्या कार्यक्रमात गाठी मारणे व तंबू उभारणे यांबरोबर अर्ज लिहिणे, माहितीचा अधिकार वापरणे आणि ग्रामसभेचे इतिवृत्त वाचणे यांचाही समावेश व्हावा. गावातील निवृत्त सैनिकांना केवळ झेंडावंदनाच्या खुर्चीवर न बसविता वर्गात आणावे व त्यांच्या अनुभवाची नोंद मुलांकडून लिहून घ्यावी. आणि महाडला जाणाऱ्या प्रत्येक शैक्षणिक सहलीने चवदार तळ्यास अभिवादन केल्यावर रावढळची वाटही धरावी. ‘तयार राहा’ हे स्काऊटचे ब्रीद आहे. कशासाठी तयार राहावयाचे, हे त्या वाटेवर मुलांना सांगता येईल.