वैद्यकीय प्रवेशाची पसंतीयादी भरण्यापूर्वी महाविद्यालयांची पूर्ण माहिती मिळण्याबाबत निवेदन

प्रति,
मा. आयुक्त,
राज्य सामाईक प्रवेश परीक्षा कक्ष, महाराष्ट्र राज्य, मुंबई
मार्फत : मा. उपविभागीय अधिकारी, बिलोली, जि. नांदेड

विषय : एमबीबीएस प्रवेशासाठी महाविद्यालयांची निवड करताना बिलोली तालुक्यातील विद्यार्थ्यांना येणाऱ्या अडचणी दूर करणे.

महोदय,

शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांतील एमबीबीएसच्या ८५ टक्के जागा कक्षाच्या केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेतून भरल्या जातात. उरलेल्या १५ टक्के जागा दिल्लीच्या वैद्यकीय समुपदेशन समितीकडे असतात. नीटचा निकाल लागल्यावर विद्यार्थ्याने दोन्हीकडे वेगळी नोंदणी करायची, कागदपत्रे द्यायची आणि मोजक्या दिवसांत महाविद्यालयांचा पसंतीक्रम लावायचा असतो. साडेचार वर्षांचा अभ्यासक्रम, वर्षाची आंतरवासिता आणि शासकीय महाविद्यालयातून शिकल्यास त्यापुढची वर्षभराची बंधपत्रित सेवा, एवढा काळ या एका यादीवर ठरतो.

सप्टेंबर २०२० पर्यंत ७० टक्के जागा त्या त्या विभागातील विद्यार्थ्यांसाठी आणि ३० टक्के राज्यभरासाठी असत. तेव्हा मराठवाड्यातील मुलांची यादी मुख्यतः छत्रपती संभाजीनगर, अंबाजोगाई, नांदेड आणि लातूर एवढीच असे. ही चारही महाविद्यालये जुनी आणि घरोघरी माहितीची. विभागीय कोटा रद्द झाल्याने मराठवाड्याला राज्यातील सर्व जागा खुल्या झाल्या, हे न्याय्यच झाले. त्यानंतर सिंधुदुर्ग, अलिबाग, धाराशिव, परभणी, रत्नागिरी येथे आणि २०२४ मध्ये हिंगोली, जालना, गडचिरोली, वाशीम, बुलढाणा अशा ठिकाणी नवी शासकीय महाविद्यालये सुरू झाली. संधी वाढली, पण त्या प्रमाणात माहिती वाढली नाही. ज्या कुटुंबाला रेल्वे पकडायलाही धर्माबाद गाठावे लागते, त्याने गडचिरोली आणि सिंधुदुर्ग यांपैकी काय वर टाकावे, हे आज बहुधा ऐकीव गोष्टींवर ठरते.

सर्वांत मोठा गैरसमज पसंतीक्रमाविषयीच आहे. संगणक गुणवत्ता क्रमांकानुसार एकेका विद्यार्थ्याची यादी वरून खाली तपासतो आणि त्याच्या प्रवर्गात मोकळी असलेली पहिली जागा त्याला देतो. त्याखालच्या पसंत्या त्या फेरीत पाहिल्या जात नाहीत. म्हणून मिळण्याची शक्यता कमी असलेले महाविद्यालय वर टाकल्याने खालचे हातचे जात नाही. उलट, ‘मिळेल तेच वर टाका’ हा ऑनलाइन सेंटरवर मिळणारा सल्ला मानल्यास अधिक चांगली जागा मोकळी असूनही ती दुसऱ्याला जाते. हा नियम कक्षाने चार ओळींत, उदाहरणासह, मराठीत जाहीर केला तरी अनेक मुलांचे नुकसान टळेल. मिळालेली जागाच कायम ठेवण्याच्या ‘स्टेटस रिटेन्शन’ अर्जाचेही तसेच आहे. त्यावर सही केली की पुढच्या फेऱ्यांची दारे बंद होतात, आणि हे सही झाल्यानंतर कळून उपयोग नसतो.

दुसरा घोळ गुणांचा. पालक गेल्या वर्षीचा ‘कटऑफ’ गुणांत विचारतात. २०२४ मध्ये अनेकांना ७२० पैकी ७२० गुण होते, तर २०२५ च्या कठीण प्रश्नपत्रिकेत देशातील सर्वोच्च गुण ६८६ होते. एका वर्षाच्या गुणांवरून दुसऱ्या वर्षाचा अंदाज बांधता येत नाही. तुलना राज्य गुणवत्ता क्रमांकाचीच करायला हवी. प्रत्येक महाविद्यालयात, प्रत्येक प्रवर्गात, प्रत्येक फेरीअखेर प्रवेश मिळालेला शेवटचा क्रमांक कोणता, याचा मागील तीन वर्षांचा एकत्रित तक्ता कक्षाने यादी भरण्याची मुदत सुरू होण्यापूर्वी द्यावा.

क्रमांकावरून प्रवेशाची शक्यता कळते, महाविद्यालय कसे आहे ते कळत नाही. वैद्यकीय शिक्षण रुग्णाच्या खाटेजवळ होते. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या २०२३ च्या निकषांनुसार १०० जागांच्या महाविद्यालयाला ४२० आणि १५० जागांच्या महाविद्यालयाला ६०५ खाटांचे रुग्णालय लागते. प्रत्यक्षात किती खाटा चालू आहेत, बाह्यरुग्ण विभागात रोज किती रुग्ण येतात, प्राध्यापकांची मंजूर पदे किती व रिक्त किती, मुलींचे वसतिगृह आवारात आहे की भाड्याच्या इमारतीत, हे प्रवेशापूर्वी समजले पाहिजे. नव्या महाविद्यालयांना कमी लेखण्याचा येथे हेतू नाही. जिल्हा रुग्णालयाशी जोडलेल्या महाविद्यालयात रुग्णसंख्या मोठी असू शकते. मात्र तिथले कोणते विभाग उभे राहिले आणि कोणते व्हायचे आहेत, हे विद्यार्थ्याला माहीत असावे. ही माहिती महाविद्यालयनिहाय एकेका पानावर, महाविद्यालयाच्या अधिष्ठात्यांच्या सहीने प्रसिद्ध व्हावी.

त्याच पानावर पूर्ण खर्च असावा. खासगी विनाअनुदानित महाविद्यालयांचे शुल्क शुल्क नियामक प्राधिकरण ठरवते, परंतु वसतिगृह, खानावळ, अनामत हे आकडे वेगळेच राहतात. आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबांतील पात्र मुलींना २०२४-२५ पासून शुल्काची पूर्ण प्रतिपूर्ती आहे, पण ती अभिमत विद्यापीठांना लागू नाही. अभिमत संस्थांचे प्रवेश दिल्लीहून होतात, हेही पुष्कळांना ठाऊक नसते. बंधपत्राची सेवा टाळल्यास दहा लाखांचा दंड आहे, त्याचाही उल्लेख यादी भरण्याआधीच व्हावा.

बिलोलीच्या दोन अडचणी खास आहेत. तालुका तेलंगणाच्या सीमेवर आहे आणि निजामाबाद, हैदराबाद येथे शिकायला जाणे इकडे नवे नाही. राज्य कोट्यासाठी अधिवासाबरोबर दहावी व बारावी महाराष्ट्रातून उत्तीर्ण असण्याची अट आहे. अकरावीला सीमेपलीकडे गेलेला मुलगा घर महाराष्ट्रात असूनही हा हक्क गमावतो, आणि तेलंगणातही तो स्थानिक ठरेलच असे नाही. ही अट सीमावर्ती तालुक्यांतील प्रत्येक शाळेत दहावीच्या वर्षीच फलकावर लावावी. दुसरी अडचण जात वैधतेची. मन्नेरवारलू व महादेव कोळी जमातींचे दाखले असलेली कुटुंबे या भागात बरीच आहेत. वैधतेचा निर्णय वेळेत आला नाही तर राखीव जागेवरील दावा टिकत नाही आणि विचारपूर्वक लावलेली यादी वाया जाते. नोंदणी होताच प्रलंबित प्रकरणांची यादी कक्षाने संबंधित तपासणी समित्यांकडे पाठवावी आणि समित्यांनी ती पहिल्या फेरीपूर्वी निकाली काढावीत.

जागा मिळाल्यावर मूळ कागदपत्रे व शुल्क घेऊन त्या महाविद्यालयात मुदतीत हजर व्हावे लागते. मुलीला मिळालेले महाविद्यालय दूरच्या जिल्ह्यात असेल तर सोबत पालक, दोघांचा प्रवास, मुक्काम आणि बुडालेली मजुरी असा खर्च येतो; पुढच्या फेरीत महाविद्यालय बदलले की तो पुन्हा करावा लागतो. फेऱ्या संपेपर्यंत कागदपत्रांची पडताळणी व हजेरी नांदेडच्या डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात किंवा विद्यार्थ्याला जवळच्या कोणत्याही शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात ग्राह्य धरावी.

पसंतीयादी भरण्याच्या मुदतीत बिलोलीच्या तहसील कार्यालयात प्रशिक्षित मार्गदर्शक, संगणक आणि मराठी माहितीपत्रके असलेले मोफत मदत केंद्र चालवावे, आणि मागण्यांवर झालेली कार्यवाही पुढील प्रवेश प्रक्रियेची नोंदणी सुरू होण्यापूर्वी उपविभागीय अधिकारी कार्यालयामार्फत लेखी कळवावी, ही विनंती.

निवेदनकर्ते,
बिलोली तालुक्यातील विद्यार्थी व पालक