हापूस कोणाचा?

चैत्र-वैशाखात ज्या फळासाठी मध्यमवर्गीय मराठी गृहस्थ आपल्या तुटपुंज्या पगाराला आणखी एक कात्री लावतो, त्या हापूसचे नाव मुळात मराठी नाही. 'अफोन्सो' या पोर्तुगीज नावाचे कोकणी-मराठी जिभेवर 'आफूस' आणि पुढे 'हापूस' झाले. हा अफोन्सो म्हणजे गोव्याचा विजेता अफोन्सो द अल्बुकर्क, असे सांगण्याचा प्रघात आहे. एका रक्तलांछित सेनानीचे नाव इतक्या मधुर फळाला चिकटावे, हा इतिहासाचा विनोद म्हणावा लागेल.

अल्बुकर्कने २५ नोव्हेंबर १५१० रोजी विजापूरच्या आदिलशाहीकडून गोवा दुसऱ्यांदा आणि कायमचे जिंकले, तेव्हा शहरातील मुसलमान रहिवाशांची कत्तल झाली. पुढच्याच वर्षी त्याने मलाक्का घेतले. १५१५ मध्ये होर्मुझवर ताबा बसवून परतताना डिसेंबरात गोव्याच्या बंदराच्या तोंडाशी, जहाजावरच त्याने प्राण सोडला. आंब्याच्या कलमांच्या प्रसाराचे श्रेय सामान्यतः दिले जाते ते जेझुइट पाद्र्यांना. त्यांच्या संघाला मान्यता मिळाली १५४० मध्ये, आणि फ्रान्सिस झेवियर गोव्यात उतरला १५४२ मध्ये. म्हणजे तोवर अल्बुकर्कला जाऊन सव्वीस वर्षांहून अधिक काळ लोटला होता. ज्याच्या नावाने हे फळ मिरवते, त्याचा त्याच्या निपजेशी काडीचाही संबंध दिसत नाही.

मग हापूस कोणाचा? हापूसची कोय रुजवून हापूस मिळत नाही. उगवते ते रायवळ झाड. आजचा प्रत्येक हापूस हा दुसऱ्या हापूसच्या फांदीचा अंश आहे. प्रत्येक पिढीत कोणीतरी चाकू हाती घेऊन काडी छाटली, रोपाशी बांधली, पाणी घालून जगवली, म्हणूनच ही परंपरा अखंड राहिली. गोव्याच्या आणि कोकणच्या त्या माळ्यांपैकी एकाचेही नाव कोणत्याही आंब्याला मिळालेले नाही. विजेत्यांची नावे फळांना आणि श्रम करणाऱ्यांची नावे विस्मृतीला, ही वाटणी केवळ आंब्यापुरती नाही, हे वेगळे सांगावयास नको.

यावर नाव बदलण्याचा उपाय कोणी सुचवील; पण तो उथळ ठरेल. नावाचा अर्थ त्याच्या धन्यावरून नव्हे, तर ते वापरणाऱ्यांवरून ठरत असतो. गोव्याच्या 'मानकुराद'चेच पाहा. 'वाईट रंगाचा' अशा अर्थाच्या पोर्तुगीज शब्दापासून ते नाव आले; तरी गोवेकर त्याला हापूसच्याही वर मानतात. हापूस हे नाव आज कोकणातील बागायतदाराच्या चरितार्थाचा आधार आहे. रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे व पालघर या जिल्ह्यांतील हापूसला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, ते याच नावाच्या रक्षणासाठी. परप्रांतीचा आंबा 'रत्नागिरी'च्या पेटीत भरून विकला जातो, तेव्हा अवमान अल्बुकर्कचा होत नाही; चार शतकांच्या त्या अनाम हातांचा होतो. खरा प्रश्न तोच आहे.

म्हणून शिक्षकांनी वर्गात ही व्युत्पत्ती अवश्य सांगावी. पण अल्बुकर्कपाशी थांबू नये. कलम बांधणाऱ्याची गोष्टही त्याच तासाला सांगावी. आणि ग्राहकाने पेटी घेताना आंबा कुठल्या बागेतला, एवढे तरी विचारावे. ज्यांची नावे इतिहासाने टिपली नाहीत, त्यांचे ऋण फेडण्याचा एवढा मार्ग तरी आपल्या हाती आहे.