लंडनात फुकट बसलात, आता प्रभादेवीत बसून दाखवा!

मे महिन्याची सुट्टी संपली की आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर युरोप उतरतो. यंदा लंडनचा नंबर होता. हाइड पार्कच्या हिरवळीवर पाय पसरून बसलेले काका, थेम्सच्या काठावर आइस्क्रीम खाणाऱ्या काकू, ट्राफल्गार स्क्वेअरच्या पायऱ्यांवर नातू. खाली काकांनी लिहिलं होतं, "काय सुंदर शहर! नाहीतर आपल्याकडे. फिरायला जायचं म्हटलं तर आहे काय इथे?"

फोटो खरंच छान होते. अंगठा मीही दिला. पण तो शेवटचा प्रश्न काही डोक्यातून जाईना. काका, रागावू नका, तुमचा प्रश्न शंभर टक्के बरोबर आहे. फक्त तो तुम्ही सोसायटीच्या ग्रुपवर विचारलात. विचारायला हवा होता महापालिकेत आणि मंत्रालयात. आणि तोही पंचवीस वर्षांपूर्वी.

आधी ते फोटो पुन्हा एकदा बघा. लंडन आयला तिकीट आहे, टॉवर ऑफ लंडनला तिकीट आहे आणि रुपयात हिशोब केला तर घाम फुटतो. पण तुमच्या चेहऱ्यावर सुख दिसतंय ते त्या फोटोंत नाही. ते हाइड पार्कमध्ये आहे. ३५० एकर बाग, तिकीट शून्य. ब्रिटिश म्युझियममध्ये आहे, कायमचे विभाग बघायला तिकीट शून्य. नदीकाठच्या बाकड्यावर आहे. लाखो रुपये भरून केलेल्या टूरमधली सगळ्यात मजेची बैठक फुकट होती, हे लक्षात आलं का तुमच्या?

आता म्हणाल, "अहो, ते लोकच तसे. त्यांना कदर आहे."

कदर-बिदर काही नाही. हाइड पार्क हे राजाचं शिकारीचं रान होतं, ते लोकांना खुलं झालं १६३७ मध्ये. त्याहून महत्त्वाची गोष्ट पूर्व लंडनची. गोदी कामगार, कारखान्यातले मजूर, दाटीवाटीची घरं, रोगराई. आपल्या जुन्या लालबाग-परळची आठवण यावी असा भाग. तिथल्या लोकांना बाग हवी म्हणून १८४० मध्ये ३० हजार सह्यांचा अर्ज थेट राणी व्हिक्टोरियाकडे गेला. १८४५ मध्ये व्हिक्टोरिया पार्क खुलं झालं, २०० एकरांहून मोठं. म्हणजे शहरातल्या सगळ्यात गरीब वस्तीच्या दाराशी बाग आली, ती मागितल्यावर आली.

म्युझियमचंही तसंच. तिथल्या बऱ्याच राष्ट्रीय संग्रहालयांना मध्यंतरी तिकीट होतंच. २००१ च्या डिसेंबरमध्ये सरकारने निर्णय घेऊन ते काढलं. निर्णय. हा शब्द लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

काकांच्या अल्बममध्ये टेट मॉडर्नचाही फोटो आहे. विटांची भली मोठी इमारत आणि मधोमध उंच चिमणी. "हे काय, गिरणी आहे का?" असं कुणीतरी खाली विचारलंय. फार दूर नाही गेलात! ते वीज केंद्र होतं. १९८१ मध्ये बंद पडलं. नदीकाठची मोक्याची जमीन, बंद कारखाना. आपल्याकडे असता तर काय झालं असतं ते प्रभादेवीकराला सांगायला नको. त्यांनी चिमणी ठेवली, भिंती ठेवल्या आणि २००० मध्ये तिथे कलासंग्रहालय उघडलं. आत जायला पैसे लागत नाहीत.

१९८१ मध्ये त्यांचं वीज केंद्र बंद पडलं. १८ जानेवारी १९८२ ला आपल्या गिरण्यांचा संप सुरू झाला. अडीच लाख कामगार. पुढचं सगळं तुमच्या-माझ्या घरातलं आहे, ते उगाळत नाही. आज प्रश्न जमिनीचा आहे. गिरणगावात ५८ गिरण्या आणि सुमारे ६०० एकर जमीन. शहराच्या मधोमध एवढी मोकळी होऊ शकणारी जमीन जगात किती शहरांच्या नशिबी येते?

आणि यासाठी नियम नव्हता असंही नाही. नियम होता! १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीत कलम ५८ होतं. ढोबळ मानाने सांगायचं तर गिरणीची जमीन विकासाला काढली की तिचे तीन वाटे. एक महापालिकेला, बागा-मैदानांसाठी. एक म्हाडाला, घरांसाठी. एक मालकाला. १९९६ मध्ये वास्तुरचनाकार चार्ल्स कोरिया यांच्या अभ्यासगटाने राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळाच्या गिरण्यांचा एकत्रित आराखडाही सरकारला दिला. सुटे सुटे भूखंड न विकता सगळ्या जमिनींचा मिळून विचार करा, लोकांना सलग मोकळ्या जागा द्या, असा त्याचा रोख होता. तो गेला कपाटात.

मग आलं २००१. लंडनमध्ये तिकीट काढायचा निर्णय झाला त्याच वर्षी आपल्याकडेही एक निर्णय झाला. कलम ५८ मध्ये दुरुस्ती. तीन वाटे करायचे, पण गिरणीच्या अख्ख्या जमिनीचे नाही. जी जमीन आधीपासून रिकामी आहे तेवढीचेच. आता मला सांगा, गिरणीच्या आवारात रिकामी जमीन असते किती? शेड, गोदामं, चिमणी, खाती यांनीच आवार भरलेलं. त्याखालची जमीन वाटणीतून बाहेर. पर्यावरणवादी मंडळी कोर्टात गेली, २००५ मध्ये हायकोर्टात जिंकलीही. २००६ च्या मार्चमध्ये सुप्रीम कोर्टाने सरकारची दुरुस्ती कायम केली. संपलं. एक ओळ बदलली आणि आपल्या बागा गेल्या. ना मोर्चा निघाला, ना ३० हजार सह्या. आपण तेव्हा टॉवरमधल्या फ्लॅटचे भाव मोजत होतो.

मराठीत एफएसआयला शब्द कसा छान आहे बघा, चटई क्षेत्र निर्देशांक. वाढीव चटई क्षेत्र बिल्डरला मिळालं. आणि मुंबईकराच्या वाट्याला माणशी मोकळी जागा किती? दीड चौरस मीटरही भरत नाही. म्हणजे एक चटई! तीही नीट पसरता येत नाही.

"अहो पण मॉल आहेत की." आहेत ना. फिनिक्स मिलच्या जागी मॉल आहे. माझा मॉलवर राग नाही, ते दुकान आहे, दुकानाने दुकानासारखं वागावं. राग याचा आहे की रविवारी पोराला घेऊन कुठे जायचं या प्रश्नाला "दुकानात" हेच एक उत्तर शिल्लक राहिलंय. आत शिरलं की पॉपकॉर्न, खेळाचं कार्ड, वर खाणं. चार माणसांचं कुटुंब खिशाला चाट न लावता दोन तास बसू शकेल अशी जागा तिथे नसते आणि नसणारच.

मोकळी जागा म्हणजे चैन असं ज्यांना वाटतं त्यांना २०१७ ची आठवण करून देतो. २९ सप्टेंबरला आपल्या स्टेशनच्या पुलावर, तेव्हाचं एल्फिन्स्टन रोड, चेंगराचेंगरीत २३ जीव गेले. गिरणीच्या भोंग्यावर चालणाऱ्या वस्तीसाठी बांधलेलं स्टेशन, आणि बाहेर त्याच गिरण्यांच्या जागी उभी राहिलेली ऑफिसं. बरोबर तीन महिन्यांनी, २९ डिसेंबरला, कमला मिलच्या आवारात गच्चीवरच्या रेस्टॉरंटना आग लागली, १४ जीव गेले. पहिल्या ठिकाणी लोक कामाला निघाले होते, दुसऱ्या ठिकाणी मजा करायला आले होते. दोन्हीकडे माणसं वाढवली, माणसांसाठी जागा वाढवली नाही.

आता आपल्याच दारातली गोष्ट, लंडनशी जोडलेली. बाबासाहेब शिकायला असताना १९२१-२२ मध्ये लंडनला १०, किंग हेन्रीज रोडवरच्या घरात राहिले होते. ते घर आपल्या महाराष्ट्र सरकारने २०१५ मध्ये विकत घेतलं. १४ नोव्हेंबर २०१५ ला पंतप्रधानांच्या हस्ते उद्घाटन झालं. पुढे तिथल्या कौन्सिलशी परवानगीवरून वाद झाला, तो सुटून २०२० मध्ये संग्रहालयाला मंजुरी मिळाली. आज मराठी माणूस लंडनला गेला की तिथे जातो, डोकं टेकवतो, जवळच्या प्रिमरोझ हिलवर चढून शहर बघतो. फार चांगलं झालं.

त्या उद्घाटनाच्या महिनाभर आधी, ११ ऑक्टोबर २०१५ ला, इंदू मिलच्या जागेवर बाबासाहेबांच्या स्मारकाचं भूमिपूजन झालं. चैत्यभूमीच्या शेजारी, समुद्राला लागून, सुमारे १२ एकर. प्रभादेवीतून चालत जाण्याच्या अंतरावर. दहा वर्षं उलटली. २०२५ च्या ६ डिसेंबरलाही लाखो लोक आले आणि पत्र्याच्या कुंपणाबाहेरून गेले. सातासमुद्रापलीकडचं घर आपण मिळवलं, परक्या कौन्सिलशी भांडून खुलं केलं. घरच्या अंगणातलं काम मात्र तारखांमागून तारखा घेतंय. हे कुठल्याही एका पक्षाचं पाप नाही, सगळे सत्तेत येऊन गेलेत. म्हणून कुणी एकमेकांकडे बोट दाखवू नये.

"आपले लोक घाण करतात, म्हणून काही करता येत नाही." हा तर ठरलेला डायलॉग. तीच आपली माणसं हाइड पार्कमध्ये वेफर्सचं रिकामं पाकीट खिशात घालून कचरापेटी शोधतात ना? कारण पेटी सापडते. दादर-प्रभादेवीच्या वाळूवर येणारा कचरा काय सगळा भेळ खाणाऱ्यांनी टाकलेला असतो? बराचसा नाल्यातून समुद्रात जातो आणि भरतीला परत येतो.

"जागाच नाही हो." चैत्यभूमीजवळ दादर चौपाटीवर २०२२ मध्ये महापालिकेने समुद्र बघायला डेक केला. कशावर केला माहीत आहे? पावसाळी पाण्याच्या नाल्याच्या मुखावर! संध्याकाळी जाऊन बघा, उभं राहायला जागा नसते. नाल्याच्या तोंडावर जागा सापडते, मग ६०० एकरांत का सापडली नाही?

आणि "आपल्या संस्कृतीत ते नाही" म्हणणाऱ्यांनी शिवाजी पार्कच्या कट्ट्यावर जाऊन बसावं. १९२५ मध्ये महापालिकेने २८ एकर मैदान लोकांना खुलं केलं. १९२७ मध्ये नगरसेविका अवंतिकाबाई गोखले यांच्या पुढाकाराने त्याला महाराजांचं नाव मिळालं. गुलाम देशातल्या महापालिकेला जे जमलं, ते करोडोंच्या ठेवी असलेल्या महापालिकेला जमत नाही? त्या कट्ट्यावर क्रिकेट घडलं, राजकारण घडलं, लग्नं जुळली. तिकीट होतं का? शंभर वर्षांपूर्वी कुणीतरी निर्णय घेतला म्हणून आजही म्हातारी माणसं संध्याकाळी घराबाहेर पडतात.

मंगळवारी सिद्धिविनायकाच्या रांगेत कितीतरी वेळ उभं राहिलेल्या आजीला दर्शन झाल्यावर दहा मिनिटं टेकायचं असतं. बघा कुठे टेकते ती. दुकानाच्या पायरीवर, नाहीतर दुभाजकाच्या कठड्यावर. देशभरातून माणसं जिथे येतात त्या प्रभादेवीची ही कथा.

नुसतं रडगाणं गाऊन उठणार नाही. चार मागण्या लिहितोय, त्यात भर घाला.

१. कलम ५८ खाली गिरण्यांची कोणती जमीन, किती चौरस मीटर महापालिकेला मिळाली आणि आज तिथे काय आहे, याचा फलक जी दक्षिण आणि जी उत्तर विभाग कार्यालयाच्या दारात लावा. मराठीत, नकाशासकट. ज्या भूखंडावर बाग दाखवली आहे तिथे बाग दिसली पाहिजे.

२. इंदू मिलच्या स्मारकाचं आवार खुलं होईल तेव्हा ते वर्षभर, बिनतिकीट खुलं असावं. हे आत्ताच लेखी द्या.

३. प्रभादेवीहून समुद्राकडे जाणाऱ्या सार्वजनिक वाटांवर "समुद्राकडे" अशी साधी पाटी लावा आणि वाटेत बाकडी टाका. समुद्र आपल्या पाठीमागे आहे हे इथल्या शाळकरी पोरांना कळू दे.

४. कोस्टल रोडच्या भरावावरची मोकळी जागा मोकळीच राहिली पाहिजे. वरळीपर्यंतचा समुद्रकाठचा पदपथ २०२५ च्या ऑगस्टमध्ये खुला झाला, लोक चालू लागले, आनंद आहे. पण कलम ५८ मध्ये एक ओळ कशी बदलली ते आपण पाहिलंय. उद्या कुणी तिथे "छोटीशी दुरुस्ती" आणली तर ती त्याच दिवशी कळली पाहिजे.

काका, पुढच्या वर्षी पॅरिसला जा, रोमला जा, फोटो टाका, मी अंगठा देईन. फक्त या रविवारी तासभर काढा. कीर्ती कॉलेजजवळचा वडापाव माझ्याकडून. तो हातात घेऊन आपण चौपाटीकडे चालत जाऊ आणि मोजू, वाटेत फुकट बसायला किती जागा मिळतात ते. जो आकडा येईल तो घेऊन सोमवारी वॉर्ड ऑफिसला जाऊ. अर्ज मी लिहून ठेवलाय.

पूर्व लंडनच्या मजुरांनी ३० हजार सह्या गोळा केल्या, त्यांच्याकडे मोबाइल नव्हता. आपल्या सोसायटीच्या ग्रुपवर दोनशे माणसं आहेत. सुरुवात तिथून करू.

पटलं तर पुढे पाठवा. नाही पटलं तर खाली भांडा, पण आपल्या विभागात फुकट बसायच्या जागा किती ते मोजून या आणि मग भांडा.