दिवे आहेत, पॉवर नाही!

ग्रँड कॅन्यनजवळचा कॅम्प, सकाळचे साडेदहा. अकराला जागा सोडायची आणि दादाच्या ट्रेलरचं स्लाइड-आउट, म्हणजे भिंतीतून बाहेर सरकणारी खोली, आत येईना! बटण दाबलं की नुसतं 'टक्'. खोली बाहेर ठेवून ट्रेलर हलवणार कसा? वहिनीचा चेहरा बघण्यासारखा.

"दिवे लागतायत, म्हणजे पॉवर आहे," मी अक्कल पाजळली. साफ चूक! दिव्यांना चिमूटभर करंट पुरतो. खोली ओढणारी मोटर १२ व्होल्टवरच चालते, पण तिची भूक राक्षसी.

शेजारच्या ट्रेलरमधले आजोबा मल्टिमीटर घेऊन आले. फ्यूज शाबूत. मग दादाला बटण दाबून धरायला सांगितलं. बॅटरीवर १२.२ व्होल्ट, मोटरपाशी जेमतेम ९! म्हणजे व्होल्ट वाटेतच गळत होते. बॅटरीच्या टर्मिनलवर हिरवट-पांढरा थर साचला होता. कॅम्पची वीज काढली, आधी निगेटिव्ह वायर सोडवली, ब्रशने घासलं, घट्ट आवळलं. दहा पंचावन्नला खोली गुपचूप आत!

तर दोस्तांनो, मीटर लावायचा तो बटण दाबलेलं असताना. आणि निघण्यापूर्वी खोली हाताने ओढायचं हँडल कुठे ठेवलंय, तेही बघून घ्या. आमचं घरीच राहिलं होतं!